गोळी जुळली, तरी वाद का मिटला नाही?

साको आणि व्हान्झेट्टी यांच्या खटल्याविषयी गेल्या काही आठवड्यांत इतकी पत्रे आली, की या वेळी सदराची सगळी जागा त्याच एका विषयाला देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या सूचनेवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : अमेरिकेत 1927 साली साको आणि व्हान्झेट्टी या दोघांना खुनाच्या आरोपावरून देहदंड झाला. गोळी साकोच्याच पिस्तुलातून सुटली होती, असे पुढे आधुनिक चाचण्यांत आढळले, असे मी वाचले. तरीही त्यांना अन्यायाचे बळी मानणारे अभ्यासक आजही आहेत. मग विज्ञान खोटे मानायचे, की ही माणसे हट्टी आहेत असे समजायचे? (एक निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर : आपण दोनच पर्याय ठेवले आहेत, आणि मला दोन्ही मान्य नाहीत. चाचणी खरी असू शकते, आक्षेपही खरा असू शकतो, कारण दोन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात. ते कसे, हे समजण्यासाठी आधी घटनाक्रम पाहू.

15 एप्रिल 1920 रोजी दुपारी तीनच्या सुमारास मॅसॅच्युसेट्स राज्यातील साउथ ब्रेनट्री गावात स्लेटर अँड मॉरिल या पादत्राणांच्या कारखान्याचा पगार, म्हणजे 15,776 डॉलर आणि काही सेंट, पेट्यांतून नेला जात होता. तो नेणारे फ्रेडरिक पार्मेंटर आणि त्यांच्याबरोबरचे रखवालदार अलेसांद्रो बेरार्देली यांना भर रस्त्यात गोळ्या घालून दरोडेखोर मोटारीतून पसार झाले. बेरार्देली जागीच गेले. पार्मेंटर यांनी दुसऱ्या दिवशी पहाटे प्राण सोडला. तीन आठवड्यांनी, 5 मे रोजी, निकोला साको आणि बार्तोलोमिओ व्हान्झेट्टी यांना ट्राममध्ये अटक झाली. साको जोड्यांच्या कारखान्यातला कारागीर, व्हान्झेट्टी मासे विकणारा. दोघेही इटलीतून आलेले आणि अराज्यवादी मतांचे. अटकेच्या वेळी साकोजवळ .32 व्यासाचे भरलेले कोल्ट पिस्तूल आणि सुटी काडतुसे सापडली, तर व्हान्झेट्टीजवळ .38 चे रिव्हॉल्व्हर. डेडहॅम येथे न्यायाधीश वेबस्टर थेअर यांच्यासमोर 31 मे 1921 रोजी खटला सुरू झाला आणि 14 जुलै रोजी ज्यूरीने दोघांनाही दोषी ठरवले.

आता गोळ्यांकडे येऊ. दोन्ही मृतांच्या संदर्भात मिळून सहा गोळ्या हाती आल्या. पिस्तुलाच्या नळीला आतून स्क्रूच्या आट्यांप्रमाणे वळत जाणाऱ्या पन्हळी पाडलेल्या असतात. गोळी त्यांतून फिरत बाहेर पडते आणि त्या पन्हळींचे वळण तिच्या अंगावर उमटते. सहापैकी पाच गोळ्यांवरचे वळण उजवीकडचे होते. एकीवर मात्र ते डावीकडचे होते, आणि कोल्ट कंपनी आपल्या नळ्यांना डावे वळण देत असे. हीच ती ‘तिसरी गोळी’. बेरार्देली यांच्या शवचिकित्सेत डॉ. जॉर्ज मॅग्राथ यांनी ती काढली, तिच्या तळावर सुईने रोमन तीनचा आकडा कोरला, आणि मृत्यू याच गोळीने झाला असे मत दिले. घटनास्थळी मिळालेल्या चार रिकाम्या पुंगळ्यांपैकी विंचेस्टर बनावटीची एक पुंगळीही साकोच्या पिस्तुलाशी जोडली गेली. म्हणजे फिर्यादी पक्षाचा शस्त्रपुरावा साकोपुरता एका गोळीवर आणि एका पुंगळीवर उभा होता.

डाव्या वळणावरून फार तर ‘कोल्ट’ एवढे सांगता येते. हेच विशिष्ट कोल्ट होते हे सांगायचे, तर नळी घडवताना अवजाराने सोडलेले आणि पुढे वापराने, गंजाने पडलेले बारीक ओरखडे गोळीवर शोधावे लागतात. 1921 साली हे काम साध्या सूक्ष्मदर्शकाने आणि मोजमापाने चाले. एक गोळी पाहायची, तिचे रूप डोळ्यांत साठवायचे, मग दुसरी पाहायची. खटला चालू असतानाच लॉवेल येथे साकोच्या पिस्तुलातून लाकडाच्या भुशात चाचणीच्या गोळ्या झाडण्यात आल्या, त्या पाहून फिर्यादी पक्षाच्या दोन तज्ज्ञांनी एक मत दिले आणि बचाव पक्षाच्या दोघांनी त्याच्या नेमके उलट. बचावाच्या दोघांपैकी एक जण तर खुद्द कोल्ट कंपनीच्या चाचणी विभागाचा प्रमुख होता. या गोंधळातून वाट काढण्यासाठी ज्यूरीने विचारविनिमयाच्या खोलीत काय मागवले असेल? एक भिंग. बारा सामान्य नागरिक भिंगातून गोळी पाहत आहेत, हे चित्र मला या खटल्यातील सर्वांत बोलके वाटते.

दोन गोळ्या एकाच दृष्टिक्षेत्रात शेजारी-शेजारी दाखवणारा तुलनात्मक सूक्ष्मदर्शक शस्त्रतपासणीसाठी वापरात आला तो 1925 च्या सुमारास. त्याच्या प्रवर्तकांपैकी कॅल्व्हिन गोडार्ड यांनी जून 1927 मध्ये, म्हणजे दोषसिद्धीनंतर सहा वर्षांनी, तिसरी गोळी आणि ती पुंगळी साकोच्या पिस्तुलातीलच असल्याचे सांगितले. 1961 साली आणखी दोन तज्ज्ञांनी नव्याने गोळ्या झाडून तोच निष्कर्ष काढला. 1983 साली तज्ज्ञांच्या एका समितीनेही तेच म्हटले. शिवाय साकोच्या खिशातील पीटर्स बनावटीची काही काडतुसे आणि घटनास्थळी मिळालेल्या पीटर्स पुंगळ्या एकाच यंत्रावर घडल्याचे नोंदवले. तपासणीच्या पेटीत आज जी गोळी आहे ती साकोच्या पिस्तुलातून सुटली आहे, हे मी यावरून मान्य करतो. 

पण ‘पेटीत आज जी गोळी आहे’ हे शब्द मी मुद्दाम वापरले. डॉ. मॅग्राथ यांनी देहातून काढलेली गोळी हीच का, या प्रश्नापुढे सूक्ष्मदर्शक मुका असतो. पेटीतील तिसऱ्या गोळीच्या तळावरचा आकडा इतर गोळ्यांवरच्या आकड्यांपेक्षा वेगळ्या हाताने कोरल्यासारखा दिसतो, असा आक्षेप आहे. बेरार्देली यांच्यावर एकाच माणसाने गोळ्या झाडल्या असे सांगणारे साक्षीदार होते. मग त्यांना लागलेल्या चारपैकी तीन गोळ्या एका पिस्तुलाच्या आणि चौथी दुसऱ्याची कशी, हाही प्रश्न उरतो. पुंगळ्यांचे तर विचारूच नका. त्या घटनास्थळी उपस्थित असलेल्या एका माणसाने उचलल्या, कारखान्याच्या एका अधिकाऱ्याला दिल्या, आणि त्याने त्या पोलीस अधिकाऱ्याच्या हाती ठेवल्या. आपल्याकडच्या साध्या चोरीच्या पंचनाम्यातही मुद्देमाल जागेवर सीलबंद झाला की नाही, हे वकील पहिल्यांदा विचारतो.

अदलाबदल झालीच, असे मला वाटते का? नाही. गोळी बदलायची असती, तर बदलणाऱ्याने निदान आपल्याच तज्ज्ञाची खात्री पटेल इतकी काळजी घेतली असती. प्रत्यक्षात काय झाले ते पुढच्या उत्तरात येईल. शिवाय गोळीबरोबर पुंगळीही बदलावी लागली असती. तिसरी गोळी विंचेस्टरच्या ज्या जुन्या, बाजारातून गेलेल्या बनावटीची होती, तशीच सहा काडतुसे साकोच्या खिशात सापडली होती, हेही विसरून चालत नाही. मात्र अदलाबदल झाली हे सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर नसते. मुद्देमाल मूळचाच आहे हे फिर्यादी पक्षाने दाखवायचे असते, आणि नोंदी इतक्या विरळ असताना ते आता कोणालाच दाखवता येत नाही. साको दोषी होता का, हा एक प्रश्न. जुलै 1921 मध्ये त्याचा दोष वाजवी संशयापलीकडे सिद्ध झाला होता का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘बहुधा होय’ असे देणारा माणूस दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असे देऊ शकतो. आपण ज्यांना हट्टी म्हणता, त्यांच्यातील अनेकजण नेमके एवढेच म्हणत आहेत.

प्रश्न : फिर्यादी पक्षाच्या तज्ज्ञाने नंतर साक्ष फिरवली, असे आमच्या प्राध्यापकांनी वर्गात सांगितले. ते कितपत खरे आहे? (विधी शाखेची विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : ‘फिरवली’ हा शब्द मी वापरणार नाही, घडले ते त्याहून गंभीर होते. राज्य पोलीस दलाचे कॅप्टन विल्यम प्रॉक्टर यांना सरकारी वकिलाने तिसऱ्या गोळीविषयी मत विचारले, तेव्हा त्यांचे उत्तर होते, की ती त्या पिस्तुलातून सुटली असण्याशी ‘सुसंगत’ आहे. गोळी त्या पिस्तुलातून सुटली, असे ते म्हणाले नाहीत. ‘सुसंगत’ याचा अर्थ एवढाच, की त्या पिस्तुलाला वगळता येत नाही. आणि मग त्या काळी अमेरिकेत खपलेली त्याच जातीची हजारो कोल्टही वगळता येत नाहीत. दुसरे तज्ज्ञ चार्ल्स व्हॅन ॲम्बर्ग यांनीही ‘तसे मानण्याकडे माझा कल आहे’ अशीच जपून भाषा केली.

बचाव पक्षाच्या वकिलाने ‘सुसंगत म्हणजे नेमके काय?’ हा एक प्रश्न विचारला असता, तर खटल्याचे वळण बदलले असते. तो विचारला गेला नाही. न्यायाधीश थेअर यांनी ज्यूरीला मार्गदर्शन करताना या दोघांच्या साक्षींचा सारांश असा मांडला, की बेरार्देलीचा प्राण घेणारी गोळी साकोच्या पिस्तुलातून सुटल्याचे त्यांनी सांगितले आहे. म्हणजे जे तज्ज्ञाच्या तोंडी नव्हते, ते न्यायासनावरून ज्यूरीच्या कानी पडले. 

ऑक्टोबर 1923 मध्ये प्रॉक्टर यांनी शपथपत्र करून सांगितले, की गोळी त्याच पिस्तुलातून सुटल्याचा निश्चित पुरावा आपल्याला कधीच मिळाला नव्हता. सरकारी पक्षाला हे खटल्याआधीच ठाऊक होते. आणि प्रश्नाची शब्दरचना त्यानुसार ठरवण्यात आली होती. थेट प्रश्न आला असता, तर आपण ‘नाही’ असेच उत्तर दिले असते, असेही त्यांनी लिहिले. पुढच्या वर्षी ते वारले. सरकारी वकील फ्रेडरिक कॅट्झमन यांनी या शपथपत्राला उत्तर दिले, पण मूळ आरोपाचा सरळ इन्कार त्यात नव्हता. नव्या सुनावणीचा अर्ज ज्यांच्यापुढे गेला ते न्यायाधीश पुन्हा थेअरच होते, आणि ऑक्टोबर 1924 मध्ये त्यांनी तो फेटाळला. राज्याचे सर्वोच्च न्यायालय त्या काळी अशा प्रकरणात केवळ कायद्याचे मुद्दे तपासत असे, पुराव्याचे वजन नव्याने करत नसे. हार्वर्डचे प्राध्यापक आणि पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी 1927 साली या प्रसंगावर कठोर टीका केली. विद्यार्थ्यांनी उलटतपासणी शिकताना हा प्रसंग जरूर अभ्यासावा. नको तिथे विचारलेला एक प्रश्न खटला बुडवतो, हे आपण सगळेच शिकतो. न विचारलेल्या प्रश्नाने काय होते, ते इथे दिसते.

प्रश्न : बचाव पक्षाच्याच तज्ज्ञाने पिस्तुलाची नळी बदलली, ही गोष्ट खरी आहे की दंतकथा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नळी बदलली गेली हे खरे. कोणी बदलली, याचा निर्णय न्यायालयाने दिला नाही.

नोव्हेंबर 1923 च्या सुनावणीत बचावातर्फे आलेले आल्बर्ट हॅमिल्टन दोन नवी कोल्ट पिस्तुले बरोबर घेऊन आले. न्यायाधीशांसमोर त्यांनी ती दोन आणि साकोचे एक अशी तिन्ही सुटी करून भाग दाखवले आणि पुन्हा जोडली. निघताना स्वतःची दोन खिशात घालू लागले, तेव्हा न्यायाधीशांनी तीही ठेवून जायला सांगितले. फेब्रुवारी 1924 मध्ये पाहतात तो साकोच्या गंजलेल्या पिस्तुलात चकचकीत नवी नळी, आणि जुनी नळी हॅमिल्टन यांच्या एका पिस्तुलात. हॅमिल्टन यांनी उलट सरकारी पक्षाकडे बोट दाखवले. थेअर यांनी चौकशी करून जुनी नळी साकोच्या पिस्तुलात परत बसवण्याचा आदेश दिला आणि दोष कोणाचा, हे तसेच ठेवले. माझा संशय कोणावर आहे, हे पुढची हकीगत वाचून आपल्या लक्षात येईल.

हे हॅमिल्टन स्वयंघोषित तज्ज्ञ होते. 1915 साली न्यूयॉर्क राज्यातील वेस्ट शेल्बी येथे एका शेतमालकाचा आणि त्याच्या घरी काम करणाऱ्या बाईचा खून झाला, तेव्हा चार्ल्स स्टिलो या अशिक्षित शेतमजुराच्या .22 रिव्हॉल्व्हरनेच तो झाला, असे त्यांनी शपथेवर सांगितले. नळीच्या तोंडाशी नऊ ओरखडे असून ते गोळ्यांवर उमटले आहेत, असा त्यांचा दावा होता. छायाचित्रात ते दिसेनात, तेव्हा छायाचित्र गोळीच्या दुसऱ्या बाजूचे आहे, असे सांगून मोकळे झाले. स्टिलोला देहदंडाची शिक्षा झाली आणि तो अनेकदा अगदी मृत्यूच्या दारातून परत आला. अखेर गव्हर्नरांनी नेमलेल्या चौकशीत बॉश अँड लॉम्ब या भिंगे बनवणाऱ्या कंपनीतील मॅक्स पोझर यांनी गोळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. ओरखडे नव्हतेच, पन्हळींची मापेसुद्धा जुळत नव्हती. 1918 मध्ये स्टिलो सुटला. त्या चौकशीत काम केलेले चार्ल्स वेट यांनी हादरून जाऊन निरनिराळ्या कारखान्यांच्या पिस्तुलांच्या नळ्यांची मापे गोळा करायला घेतली, आणि त्यातूनच पुढे गोडार्ड यांच्याबरोबर न्यूयॉर्कमध्ये शस्त्रतपासणीची एक संस्था उभी राहिली. निरपराध मजुराला मृत्यूच्या दाराशी नेणारा तज्ज्ञच साकोच्या बचावाला आणला गेला, हे बचाव पक्षाचे दुर्दैव म्हणावे की अविचार, हे आपणच ठरवा.

प्रश्न : तिसरी गोळी साकोच्या पिस्तुलाची. मग व्हान्झेट्टीविरुद्ध शस्त्रपुरावा कोणता? (एक वाचक, सातारा)

उत्तर : अगदी तोकडा. त्याच्या रिव्हॉल्व्हरमधून सुटलेली एकही गोळी मिळालेली नव्हती. बेरार्देली यांचे रिव्हॉल्व्हर मरणोत्तर सापडले नाही, तेच दरोडेखोराने उचलले आणि तेच व्हान्झेट्टीजवळ मिळाले, असा तर्क मांडण्यात आला. बेरार्देली यांनी आपले हत्यार मार्च 1920 मध्ये बॉस्टनच्या एका दुकानात दुरुस्तीला टाकले होते आणि तिथे त्याला नवा घोडा बसवला होता, म्हणून व्हान्झेट्टीच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा नवा आहे की जुना, यावर तज्ज्ञ भांडले. दुकानाच्या नोंदीत हत्याराचा क्रमांक नव्हता. तो असता, तर पाच मिनिटांत प्रश्न सुटला असता.

प्रश्न : आपल्याकडे शस्त्रतज्ज्ञाचा अहवाल न्यायालयावर बंधनकारक असतो का? (एक वकील, अकोला)

उत्तर : नसतो. पूर्वीच्या पुरावा कायद्याचे कलम 45, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 39, तज्ज्ञाचे म्हणणे ‘मत’ म्हणूनच स्वीकारते. तरी मतही आलेच पाहिजे, अशी वेळ असते. मोहिंदर सिंग खटल्यात 1950 च्या दशकाच्या आरंभीच सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की मृत्यू विशिष्ट हत्याराने झाल्याचा आरोप असेल, तर जखमा त्या हत्याराने, सांगितलेल्या पद्धतीने होऊ शकतात, हे फिर्यादी पक्षाने तज्ज्ञाच्या पुराव्याने दाखवले पाहिजे. पुढील निकालांनी हा नियम अपवादरहित नसल्याचेही स्पष्ट केले. जेसिका लाल खून खटल्यात हत्यार कधी मिळालेच नाही. दोन रिकाम्या पुंगळ्या एकाच पिस्तुलाच्या की दोन, यावरून सत्र न्यायालयाने 2006 मध्ये संशयाचा फायदा आरोपीला दिला, तर उच्च न्यायालयाने आणि 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञाच्या त्या मतापेक्षा इतर पुराव्याला अधिक वजन दिले. 

व्यवहारात मला खटकते ती गोष्ट वेगळी आहे. सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल तज्ज्ञाला साक्षीला न बोलावताही पुराव्यात वाचता येतो. पूर्वी दंड प्रक्रिया संहितेचे कलम 293 होते, आता नागरिक सुरक्षा संहितेचे 329 आहे. न्यायालय तज्ज्ञाला बोलावू शकते, पण बचाव पक्षाने तसा अर्जच केला नाही, तर अहवालाच्या शेवटच्या दोन ओळी वाचून पुढे जाण्याची सवय लागते. मी स्वतः वकिली करताना एका प्रकरणात तसेच केले होते, आणि ‘शक्यता नाकारता येत नाही’ हे शब्द मी ‘जुळले’ असेच वाचले होते. अपिलात वरिष्ठांनी ते माझ्यापुढे बोट ठेवून दाखवले.

प्रश्न : आजच्या तंत्राने पुन्हा तपासणी केल्यास शेवटचा निकाल लागेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नळी आणि गोळी यांच्या नात्याविषयी आणखी एक अहवाल मिळेल. त्या नात्याविषयीही आज तज्ज्ञांची भाषा पूर्वीइतकी ठाम राहिलेली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 2009 साली आणि राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने 2016 साली असे दाखवून दिले, की खुणा ‘पुरेशा’ जुळल्या हे ठरवणे बऱ्याच अंशी तपासणाऱ्याच्या नजरेवर सोपवलेले असते, आणि चुकांचे प्रमाण नीट मोजणारे अभ्यास फार थोडे झाले आहेत.

गोळीच्या प्रवासाबद्दल मात्र नवे यंत्र काहीच सांगू शकत नाही. साको आणि व्हान्झेट्टी यांना 23 ऑगस्ट 1927 रोजी चार्ल्सटाउनच्या तुरुंगात विजेच्या खुर्चीत बसवल्यानंतर हा मुद्देमाल कोठे होता, हे पाहा. पिस्तूल, गोळ्या आणि पुंगळ्या व्हॅन ॲम्बर्ग यांनी स्वतःकडे ठेवल्या, आणि पुढे त्या त्यांच्या मुलाच्या ताब्यात राहिल्या. 1960 च्या सुमारास त्यांचा माग लागून त्या राज्य पोलिसांकडे परत आल्या. 1961 आणि 1983 च्या तपासण्या झाल्या, त्या या घरगुती मुक्कामानंतर. 1977 साली गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांनी काढलेल्या घोषणापत्रात खटला न्याय्य रीतीने चालला नाही आणि दोघांच्या नावावरचा कलंक दूर व्हावा, असे म्हटले. ते दोषी होते की निर्दोष, याविषयी त्यात एक अक्षरही नाही.